घरगुती संगणक-जाळ्यातील सामायिक फाइल : तंत्र, मालकी आणि विश्वास यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एका घरात दोन संगणक आले की पहिली गरज ठरलेली असते. एका संगणकावरील छायाचित्रे, पत्रे किंवा हिशेबाचे तक्ते दुसऱ्यावर हवे असतात. दोन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडलेली असतात, दोहोंवर इंटरनेट सुरळीत चालते, तरीही एक यंत्र दुसऱ्याला दिसत नाही. दिसलेच तर फोल्डर उघडण्याची परवानगी नसल्याचा संदेश येतो. अखेरीस कोणीतरी पेनड्राइव्ह शोधून आणतो आणि प्रश्न तेवढ्यापुरता मिटतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याकडे तंत्रज्ञाने सोडवावयाची किरकोळ अडचण म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः या अडचणीमागे सुमारे पाच दशकांचा इतिहास आहे. १९८० च्या दशकात लहान कार्यालयांसाठी जे नियम तयार झाले, ते जवळजवळ जसेच्या तसे पुढे घरात आले आणि येताना त्यांनी आपली गृहीतकेही सोबत आणली. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे गृहीतक असे की, जो तारेवर आहे तो आपल्यापैकीच आहे. या गृहीतकाची पुढे कशी परवड झाली आणि दोन यंत्रांनी परस्परांशी ज्या भाषेत बोलावयाचे त्या भाषेवर मालकी कोणाची, या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने घरगुती फाइल-शेअरिंगच्या इतिहासाचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

पाठवणे आणि सामायिक ठेवणे

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. फाइल पाठवणे आणि फाइल सामायिक ठेवणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिल्या क्रियेचे लेखी नियम आधी झाले. एप्रिल १९७१ मध्ये अर्पानेटसाठी फाइल-हस्तांतरणाच्या प्रोटोकॉलचा, म्हणजे संभाषणाच्या नियमांचा, पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे अभय भूषण हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर असून त्या वेळी अमेरिकेतील एमआयटी येथे कार्यरत होते. एफटीपी या नावाने पुढे जगभर परिचित झालेल्या या पद्धतीत फाइलची एक प्रत इकडून तिकडे जाते. प्रत गेली की दोन्ही प्रतींचे आयुष्य वेगळे होते. एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत उतरत नाही.

सामायिक फाइलचे तसे नसते. तेथे फाइल एकच असते आणि ती एकाच ठिकाणी राहते. इतर संगणक दूर असूनही ती आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडतात, वाचतात, तीत लिहितात. आपल्याकडील सामायिक विहिरीचे उदाहरण येथे चपखल बसते. घागर भरून शेजाऱ्याच्या घरी नेऊन देणे वेगळे आणि विहिरीवर दोघांचा हक्क असणे वेगळे. सामायिक विहीर म्हटली की पाळी आली, हिस्सा आला आणि ओघाने तंटाही आला. संगणकाच्या बाबतीत पाळीला ‘लॉक’ म्हणतात आणि हिश्शाला ‘परवानगी’. तंट्याला मात्र निराळे नाव मिळालेले नाही.

तार, डिस्क आणि फाइल

सामायिक फाइलसाठी आधी सामायिक तार हवी. ती कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात तयार झाली. तेथे १९७३ मध्ये आल्टो हा व्यक्तिगत वापराचा संगणक कार्यान्वित झाला आणि त्याच वर्षी २२ मे रोजी रॉबर्ट मेटकाफ यांनी अशी अनेक यंत्रे एका समाक्ष तारेने जोडण्याच्या योजनेचे टिपण लिहिले. डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्याने ती योजना प्रत्यक्षात आली. हेच इथरनेट. त्याची मूळ कल्पना हवाई विद्यापीठातील अलोहा या रेडिओ-जाळ्यावरून सुचलेली होती. माध्यम सर्वांचे एकच. ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे आणि दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांनीही क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा, असा तिचा गाभा होता. साहजिकच तारेवरील प्रत्येक संदेश त्या तारेवरील प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचत असे. ज्याच्यासाठी तो नाही, त्याने तो सोडून द्यावा, एवढाच संकेत होता. एकाच संस्थेतील परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांमध्ये या संकेताला बाध येण्याचे कारण नव्हते.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्या काळी हार्ड डिस्क ही महाग वस्तू होती. त्यामुळे एक डिस्क अनेकांनी वापरावी या हेतूने संगणक जोडले जाऊ लागले. या पहिल्या व्यवस्थांमध्ये डिस्कच सामायिक केली जात असे आणि दूरचा प्रत्येक पीसी त्या डिस्कवर थेट लिहू पाहत असे. परंतु कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे याची नोंद ठेवणारा तक्ता प्रत्येक पीसी आपापल्या स्मृतीत धरून बसे. दोघांनी एकाच वेळी लिहिले की तक्ते परस्परांशी जुळेनासे होत आणि मजकूर नष्ट होई. म्हणून डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र तुकडा देण्याची वेळ येई. मग सामायिक असे काय उरले?

यावरचा तोडगा अमेरिकेतील युटा राज्यातील नॉव्हेल कंपनीच्या १९८३ मधील नेटवेअर या प्रणालीने रूढ केला. डिस्कचा ताबा एकाच यंत्राकडे, म्हणजे सर्व्हरकडे राहील. इतरांनी त्याच्याकडे डिस्कचे भाग मागावयाचे नाहीत, नावाने फाइल मागावी, असे हे तत्त्व होते. कोण लिहीत आहे, कोण वाचत आहे, कोणाला थांबवावयाचे याचा निर्णय सर्व्हर करील. आज हे इतके स्वाभाविक वाटते की त्यात काही शोध होता हेच ध्यानात येत नाही. युनिक्सच्या जगात सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५ च्या सुमारास एनएफएस या नावाने अशीच सोय आणली. तेथे मागणारे यंत्र आपल्या वापरकर्त्याचा क्रमांक स्वतःच सांगे आणि सर्व्हर तो खरा मानून चाले. तारेवरचा माणूस खोटे बोलणार नाही हा भाव येथेही होताच.

एसएमबीचा जन्म

घरगुती संगणकांच्या दृष्टीने निर्णायक ठरलेली घटना आयबीएममध्ये घडली. तेथील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी डॉस प्रणालीच्या फाइलविषयक आज्ञा तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवण्याची पद्धत आखली. तिला प्रथम त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘बीएएफ’ म्हटले जात असे. पुढे ते नाव बदलून ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, संक्षेपाने एसएमबी, असे झाले. या योजनेचे सामर्थ्य तिच्या साधेपणात होते. एखादा प्रोग्रॅम डॉसकडे फाइल मागतो, तेव्हा ती फाइल आपल्या डिस्कवर आहे की शेजारच्या खोलीतील यंत्रावर, हे त्या प्रोग्रॅमला कळण्याचे कारणच उरले नाही. मधला एक घटक ती मागणी गुपचूप तारेकडे वळवत असे. त्यामुळे जाळ्याचा विचारही न करता लिहिलेले प्रोग्रॅम जाळ्यावर चालू लागले.

१९८४ मध्ये आयबीएमने पीसी नेटवर्क हे उत्पादन जाहीर केले. सायटेक कंपनीने त्यासाठी घडवलेल्या नेटबायोस या व्यवस्थेत प्रत्येक यंत्राला क्रमांकाऐवजी नाव असे. नावासाठी १६ जागा. त्यांतील शेवटची सेवेचा प्रकार दाखवण्यासाठी राखीव धरली गेल्याने माणसाला १५ अक्षरेच मिळत. नावनोंदणीचे कार्यालय नव्हते. नवे यंत्र तारेवर येऊन दवंडी पिटे की, आजपासून हे नाव माझे. कोणी हरकत घेतली नाही तर ते नाव त्याचे होई. कोणाला कोणाचा शोध घ्यावयाचा असेल तरी दवंडीच. दहा-वीस यंत्रांच्या कार्यालयात ही रीत सोयीची होती. दवंडीला उत्तर देणारा तोच आहे कशावरून, हा प्रश्न मात्र विचारला गेला नाही.

आयबीएमची ही भाषा मायक्रोसॉफ्टने उचलली आणि थ्रीकॉम कंपनीच्या साहाय्याने लॅन मॅनेजर या उत्पादनासाठी ती वाढवली. एसएमबीत संभाषणाच्या आरंभी एक यंत्र आपल्याला येत असलेल्या ‘बोलीं’ची यादी सांगते आणि दुसरे तींतून एक निवडते. बोली हा शब्द येथे आलंकारिक नाही. मूळ तांत्रिक परिभाषेतच तो आहे. या व्यवस्थेमुळे नवे यंत्र जुन्या यंत्राशी जुन्या बोलीत बोलू शकले आणि एसएमबीला दीर्घायुष्य लाभले. त्याच कारणाने जुन्या बोली कधी मेल्या नाहीत. या गोष्टीची किंमत पुढे २०१७ मध्ये मोजावी लागली.

कॅनबेरातील प्रयोग

एसएमबीच्या नियमांचे पूर्ण व अद्ययावत विवरण सर्वांना उपलब्ध नव्हते. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी, कॅनबेरा येथे पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना १९९१ च्या अखेरीस आपल्या डॉस संगणकावरून युनिक्स यंत्रावरील फाइल हव्या होत्या. एनएफएसने ते काम होत होते. परंतु त्यांना लागणारा दुसरा एक प्रोग्रॅम नेटबायोसवाचून चालत नव्हता. त्यांनी तारेवरून जाणारे संदेश टिपणारा एक प्रोग्रॅम लिहिला, डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा सर्व्हर कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर देतो याचे निरीक्षण केले आणि तशीच उत्तरे देणारा स्वतःचा सर्व्हर तयार केला. परक्या देशातील उपाहारगृहात बसून, गिऱ्हाईक काय म्हणतो आणि वाढपी काय आणून देतो हे पाहत पाहत भाषा शिकावी, अशी उपमा पुढे त्यांनीच या पद्धतीला दिली. १९९२ च्या आरंभी त्यांनी हा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला, काही दुरुस्त्या केल्या आणि तो विषय बाजूला ठेवला.

पुढील भाग घरातला आहे. सुमारे दोन वर्षांनी त्यांना पत्नीचा विंडोज संगणक आपल्या लिनक्स संगणकाशी जोडावयाचा होता. दुसरा मार्ग न सापडल्याने त्यांनी आपलाच जुना प्रोग्रॅम चालवून पाहिला आणि तो चालला, याचे त्यांनाही आश्चर्य वाटले. त्याच सुमारास ‘एसएमबीसर्व्हर’ हे नाव एका कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याचे कळल्याने नवे नाव शोधणे भाग पडले. त्यांनी संगणकातील शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले. मिळालेल्या शब्दांत ‘सांबा’ होता. १९९४ पासून त्याच नावाने हा प्रोग्रॅम जगभर पसरला. पुढे २००० च्या दशकात घरगुती वापरासाठी डिस्क-साठवणुकीच्या ज्या छोट्या पेट्या बाजारात आल्या, त्यांतील बहुतेकांच्या पोटात लिनक्स आणि सांबा हीच जोडी होती. २००४ मधील लिंकसिस कंपनीची एनएसएलयू-२ ही तळहाताएवढी पेटी त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ती विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ‘सांबा’ हा शब्द ठाऊक असेल.

‘वर्कग्रुप’ घरात येतो

ऑक्टोबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फॉर वर्कग्रुप्स ही आवृत्ती काढली. तिच्यात वेगळ्या सर्व्हरची गरज उरली नाही. प्रत्येक पीसी आपले फोल्डर इतरांस खुले करू शकत होता. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने ‘नेटवर्क नेबरहुड’ हे चित्रचिन्ह पडद्यावर आणून बसवले. नावात शेजार होता, कल्पनाही शेजारधर्माचीच होती. फोल्डरवर उजवी कळ दाबावी, ‘शेअरिंग’ निवडावे, हवा असल्यास परवलीचा शब्द ठेवावा, एवढेच काम. विशेष म्हणजे हा शब्द फोल्डरचा असे, माणसाचा नव्हे. ज्याला तो माहीत तो आत येई. कोण आले, याची वेगळी ओळख त्या व्यवस्थेत नव्हती.

शेजारच्या यंत्रांची यादी कशी तयार होते, हे पाहणे उद्बोधक आहे. कारण घरोघरीच्या वैतागाचे मूळ तेथे आहे. जाळ्यावरील संगणक आपसांत निवडणूक घेऊन एकाला यादी सांभाळण्याचे काम देत. अधिक प्रगत विंडोज असलेले यंत्र निवडून येई. प्रत्येक यंत्र साधारणतः १२ मिनिटांनी आपली हजेरी लावे आणि लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्याखेरीज त्याचे नाव यादीतून निघत नसे. म्हणजे बंद केलेला संगणक ३६ मिनिटे यादीत दिसत राही आणि निवडून आलेले यंत्रच बंद केले तर नव्या निवडणुकीपर्यंत यादीचा पत्ता नसे. दिवसभर सर्व यंत्रे चालू असणाऱ्या कार्यालयात ही पद्धत खपून गेली. घरात मात्र संगणक तासाभरापुरता लावला जातो आणि वीज वाचवण्यासाठी बंद केला जातो. कार्यालयाचे घड्याळ घरच्या दिनक्रमाला लागू पडले नाही, असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातील परिस्थितीने यात आणखी एक भर घातली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले ते दूरध्वनीच्या तारेवरून. २००० नंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्यातील अनेक वसाहतींत केबल व्यावसायिकांनी इमारतींच्या गच्च्यांवरून इथरनेटच्या तारा नेऊन इंटरनेट घरोघर पोहोचवले. अशा जोडणीत कित्येकदा संपूर्ण वसाहत एकाच तारेवर येत असे. मग ‘नेटवर्क नेबरहुड’ उघडल्यावर खरोखरच शेजारी दिसत आणि त्यांचे खुले फोल्डरही. ज्याने घरातल्या घरात छायाचित्रे पाहण्यासाठी फोल्डर खुला केला, त्याने तो नकळत चार मजल्यांना खुला केला होता. ‘घराचे जाळे’ या शब्दप्रयोगातील घर कोठे संपते, हे ठरवणारी भिंत त्या व्यवस्थेत नव्हतीच.

ही भिंत नसल्याचे दुष्परिणाम जगभर दिसले. दूरध्वनीने इंटरनेटला जोडल्यावरही विंडोजचे फाइल-शेअरिंग त्या जोडणीवर चालू राहू शकत असे. २००० च्या आरंभी नेटवर्क.व्हीबीएस नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, इंटरनेटवर असे उघडे फोल्डर शोधत फिरू लागला. परवलीचा शब्द ठेवणाऱ्यांचीही सुटका नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलेला दोष असा होता की विंडोज ९५, ९८ आणि एमई या प्रणाली, समोरून जेवढी अक्षरे आली तेवढीच पडताळून पाहत. एकच अक्षर आले आणि ते जुळले, तर दार उघडे. दुरुस्ती उपलब्ध होऊनही घरच्या असंख्य संगणकांपर्यंत ती पोहोचली नाही आणि २००२ मध्ये ओपासर्व्ह या वर्मने त्याच दोषाचा फायदा घेतला. नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह लावले की फोल्डर ‘लपतो’ ही त्या काळी आवडीने सांगितली जाणारी युक्तीही तितकीच पोकळ होती. सर्व्हर ते नाव सांगतच असे, पाहणाऱ्याचे विंडोज ते दाखवत नसे, इतकेच. सांबाच्या साधनांना ते सरळ दिसे.

लिपीचा प्रश्न

मराठी वापरकर्त्यापुढे याच काळात निराळीच अडचण होती आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासात तिची नोंद क्वचितच घेतली जाते. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर श्रीलिपी किंवा पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या साधनांनी तयार होत असे. या साधनांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. त्यामुळे फाइल शेजारच्या संगणकावर बिनचूक उघडली, तरी तोच फॉन्ट तेथे नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उभी राही. फाइल सामायिक झाली होती, मजकूर झाला नव्हता. अनेक महाविद्यालयीन कार्यालयांत मराठी परिपत्रकांसाठी एकच संगणक राखून ठेवला जाई, त्याचे कारण हेच होय.

विंडोज २००० आणि एक्सपी यांनी देवनागरीची युनिकोड सोय आणली आणि फाइलचे नावही मराठीत ठेवता येऊ लागले. परंतु तारेच्या दुसऱ्या टोकाला विंडोज ९८ असेल तर ते नाव त्याला वाचता येत नसे. त्याच्या बोलीत देवनागरीला जागाच नव्हती. नावाऐवजी प्रश्नचिन्हे किंवा तशीच अर्थशून्य चिन्हे दिसत आणि बहुधा फाइल उघडतही नसे. सांबाने युनिकोड नावांचा स्वीकार सप्टेंबर २००३ मधील ३.० या आवृत्तीत केला. त्यानंतरही एक बारीक अडसर राहिला आहे. लिनक्सच्या प्रचलित डिस्क-रचनेत फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि प्रत्येक देवनागरी वर्णासाठी तीन बाइट लागतात. म्हणजे मर्यादा प्रत्यक्षात ८५ वर्णांची. त्यातही काना-मात्रा आणि हलन्तचिन्ह स्वतंत्र मोजले जात असल्याने ‘क्षत्रिय’ या एका शब्दाला २४ बाइट पडतात. विंडोजवर विनातक्रार ठेवलेली लांबलचक मराठी नावाची फाइल घरच्या साठवण-पेटीवर नकार का खाते, याचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

नियम कोणाचे?

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबीला सीआयएफएस असे नवे नाव देऊन त्याचा मसुदा इंटरनेटच्या मानकसंस्थेपुढे ठेवला. पण तो मानक होऊ शकला नाही. प्रश्न व्यापाराचा होता. जगातील बहुतेक पीसी ज्या भाषेत फाइल मागतात, ती भाषा पूर्णपणे एकाच कंपनीला माहीत असेल, तर सर्व्हरही त्याच कंपनीचा घ्यावा लागतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ मध्ये केलेल्या तक्रारीवरून युरोपीय आयोगाने २४ मार्च २००४ रोजी मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९.७ कोटी युरो दंड केला आणि वर्कग्रुप सर्व्हरच्या संभाषणाची माहिती प्रतिस्पर्ध्यांस देण्याचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली. १७ सप्टेंबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने आयोगाचा निर्णय मुख्यतः कायम केला. त्याच वर्षी २० डिसेंबर रोजी झालेल्या करारान्वये एकरकमी १०,००० युरो भरून ही कागदपत्रे सांबाच्या कार्यकर्त्यांना मिळाली. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सर्वांसाठी प्रसिद्धही केली. सोळा वर्षे उपाहारगृहात बसून शिकलेल्या भाषेचे व्याकरण अखेर छापील स्वरूपात हाती आले.

या वादाचे वर्णन सामान्यतः दोन बड्या कंपन्यांमधील स्पर्धा असे केले जाते. ते अपुरे आहे. घरातील फाइल दहा-वीस वर्षे टिकावयाच्या असतात आणि तेवढ्या काळात घरातील यंत्रे तीन-चार वेळा बदलतात. संभाषणाचे नियम सार्वजनिक नसते, तर जुन्या फाइल नव्या यंत्रापर्यंत पोहोचतील की नाही हे विक्रेत्याच्या मर्जीवर राहिले असते. आज मॅक, लिनक्स, मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच या सर्वांना एसएमबी येते. ॲपलनेही २०१३ मध्ये स्वतःचा जुना प्रोटोकॉल मागे ठेवून एसएमबीच्या दुसऱ्या पिढीला प्रथमस्थान दिले.

२०१७ आणि न्हावा-शेवा

विंडोज व्हिस्टासोबत २००७ मध्ये एसएमबीची दुसरी पिढी आली. पहिल्या पिढीतील शंभराहून अधिक आज्ञांच्या जागी तीत १९ आज्ञा होत्या. पण जुन्या बोलीही चालू ठेवण्यात आल्या, कारण घरोघरी आणि कार्यालयांत जुने प्रिंटर, जुने संगणक आणि जुन्या साठवण-पेट्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्याच तंत्रज्ञांनी २०१६ मध्ये पहिली पिढी वापरू नका असे जाहीरपणे बजावले. १४ मार्च २०१७ रोजी तिच्यातील एका गंभीर दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध झाली. १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ या नावाने वावरणाऱ्या गटाने त्याच दोषावर बेतलेले, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेले मानले जाणारे ‘इटर्नलब्लू’ हे अस्त्र उघड केले आणि १२ मे रोजी वॉनाक्राय या वर्मने सुमारे १५० देशांत दोन लाखांहून अधिक संगणकांवरील फाइल कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले.

त्यानंतरचा नॉटपेट्याचा हल्ला महाराष्ट्राला थेट भिडला. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या अद्ययावतीकरणातून सुटलेला हा प्रोग्रॅम मर्स्क या जहाजकंपनीच्या जागतिक जाळ्यात शिरला आणि तिच्याशी संलग्न कंपनी चालवत असलेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या टर्मिनलचे संगणकीय काम ठप्प झाले. त्याची पसरण्याची रीत येथे लक्षणीय आहे. दुरुस्ती न केलेल्या यंत्रांत तो दोषातून शिरत होता. दुरुस्ती केलेल्या यंत्रांत, एका यंत्रावरून उचललेले परवलीचे शब्द वापरून, व्यवस्थापनासाठी ठेवलेल्या सामायिक फोल्डरच्या रीतसर मार्गाने जात होता. दुसऱ्या मार्गात दोष असा काही नव्हताच. ओळखीच्या नावाने आलेल्याला दार उघडावे, हा नियमच त्याने पाळला होता.

घराची नवी व्याख्या

घरातील शेअरिंग सोपे करण्याचे प्रयत्न याच काळात समांतरपणे चालू होते आणि त्यांचा इतिहास काहीसा केविलवाणा आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीच्या घरगुती आवृत्तीने तारेवरून येणाऱ्या प्रत्येकाला सरसकट ‘पाहुणा’ ठरवले. त्यामुळे प्रश्न विचारणे थांबले आणि वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे हक्क देणेही थांबले. ऑगस्ट २००४ मधील तिच्या दुसऱ्या सुधारणा-संचाने फायरवॉल आरंभापासून चालू ठेवली आणि शेअरिंगची वाट फक्त त्याच उपजाळ्यातील यंत्रांपुरती मोकळी केली. ही मर्यादा प्रत्येक घरामागे एक राउटर असेल तरच भिंतीचे काम करते. वसाहतीच्या सामायिक तारेवर ती निरुपयोगी होती. भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील वापर परवानामुक्त झाल्यावर वायफाय राउटर घरोघर येऊ लागले आणि घरापुरते स्वतंत्र जाळे ही गोष्ट येथे हळूहळू सर्वसामान्य झाली. भिंत आली ती अशी, इंटरनेटच्या निमित्ताने.

ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ ने ‘होमग्रुप’ आणला. यंत्र स्वतःच परवलीचा एक शब्द तयार करी आणि तो कागदावर लिहून घरातील इतर यंत्रांवर घालावयास सांगे. कुटुंबाची किल्ली एकच, ही कल्पना समंजस होती. परंतु घरात एखादा एक्सपी, मॅक किंवा मोबाइल असला की तो बाहेरच राही. २०१८ च्या एप्रिलमधील विंडोज १० च्या आवृत्तीतून होमग्रुप काढून टाकण्यात आला. तोपर्यंत अनेक कुटुंबांनी ड्रॉपबॉक्स (२००८) आणि गूगल ड्राइव्ह (२०१२) यांचा मार्ग धरला होता. एकाच टेबलावरील दोन संगणकांमधील फाइल शेकडो किलोमीटर दूर जाऊन परत येऊ लागली. एफटीपीच्या काळातील ‘प्रत पाठवणे’ या क्रियेचाच हा नवा अवतार आहे. फरक इतकाच की आता प्रती आपोआप जुळवल्या जातात आणि विहीर तिसऱ्याच्या अंगणात असते.

तरीही सामायिक फोल्डर नाहीसा झालेला नाही. टॅलीसारखी हिशेब-प्रणाली दोन-तीन संगणकांवर चालवणारे छोटे व्यावसायिक, छायाचित्रकार आणि घरच्या साठवण-पेटीत चित्रपट व कागदपत्रे ठेवणारी कुटुंबे आजही त्यावर विसंबून आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांना २०२४ च्या अखेरीस नवा अनुभव आला. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीने प्रो, एज्युकेशन आणि एंटरप्राइझ या प्रकारांत प्रत्येक एसएमबी संदेशावर स्वाक्षरीची, म्हणजे तो वाटेत बदललेला नाही याच्या पुराव्याची, सक्ती केली आणि प्रो प्रकारातही ‘पाहुणा’ म्हणून आत जाण्याची वाट बंद ठेवली. काल चालणारी जुनी पेटी आज दिसेनाशी झाली. अशा वेळी सक्ती बंद करण्याची आज्ञा शोधून ती चालवणे हा सर्वांत जवळचा उपाय असतो आणि बहुतेक जण तोच करतात. पेटीवर घरातील प्रत्येकाचे नाव आणि परवलीचा शब्द नोंदवून, तेच नाव व तोच शब्द त्याच्या संगणकावर एकदा घातला, तरी काम होते. त्याला दहा मिनिटे लागतात आणि पेटी फार जुनी असेल तर तिचे सॉफ्टवेअरही बदलावे लागते.